गळाची काठी आणि मांडीचे हाड

पावसाळा सरत आला की यवतमाळ जिल्ह्यात बेंबळा, अरुणावती, पूस या धरणांच्या काठावर गळ टाकून बसलेली माणसे दिसू लागतात. हातात सहा-सात फुटांची बांबूची काठी, टोकाला दोरा, दोऱ्याला गरी आणि गरीला गांडूळ. मोठा मासा लागला की काठीचे टोक कमानीसारखे वाकते. आता मोडणार असे वाटते, पण ती मोडत नाही. मासा बाहेर आला की पुन्हा सरळ होते.

त्याच गावात एखाद्या घरी आजीचा अंगणात पाय घसरतो. ती झाडावरून पडलेली नसते, गाडीवरूनही नाही. उभ्या जागेवरून कुशीवर पडते आणि मांडीचे हाड खुब्याजवळ मोडते. बोटाएवढ्या जाडीची काठी एवढा ताण सोसते आणि तिच्याहून कितीतरी जाड हाड एका पडण्यात मोडते, असे का होते? याचे बरेचसे उत्तर दोन्हींच्या आडव्या छेदात, म्हणजे काठी किंवा हाड आडवे कापल्यावर दिसणाऱ्या चित्रात आहे. हा छेद कसा असावा, यावर बांबूच्या गळकाठ्या बनवणाऱ्या कारागिरांनी दीडशे वर्षांहून अधिक काळ डोके चालवले आहे. त्यांचा धडा हाडांनाही लागू पडतो.

मानवेलाची परदेशवारी

विदर्भाच्या कोरड्या जंगलांत सागवानाच्या सोबतीने वाढणारा बांबू म्हणजे मानवेल. शास्त्रीय नाव डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस. ओलाव्याच्या जागी तो पोकळ वाढतो, पण कोरड्या, खडकाळ उतारावर त्याची पोकळी इतकी कमी होते की काठी जवळजवळ भरीव असते. म्हणूनच त्याला भरीव वेळू किंवा नर बांबू असेही म्हणतात. पोलिसांच्या लाठ्या वर्षानुवर्षे याच बांबूच्या होत्या.

एकोणिसाव्या शतकात भारतातला बांबू कलकत्ता बंदरातून इंग्लंड-अमेरिकेत जाई. तिकडे त्याला ‘कलकत्ता केन’ म्हणत. जाणकार त्याची ओळख मानवेल अशीच सांगतात. म्हणजे बेंबळ्याच्या काठावरच्या काठीची भावंडेच परदेशी गळकाठ्यांत गेली होती.

तिकडची मासेमारी मात्र वेगळी होती. पिसे आणि दोरे गुंडाळून गरीलाच माशीचे किंवा किड्याचे रूप द्यायचे आणि ती बनावट माशी पाण्यावर अलगद टाकायची. अशी माशी वजनाला नगण्य असल्यामुळे दगडासारखी फेकता येत नाही. म्हणून दोरी जड ठेवतात आणि काठी मागेपुढे झुलवून ती दोरी फेकतात. यासाठी काठी हलकी हवी, लवचिक हवी, बुडाशी ताठ आणि टोकाला नाजूक हवी. बुडाशी साधारण आठ-नऊ मिलिमीटर जाड आणि टोकाला दोन मिलिमीटरच्या आसपास, अशी एकसारखी निमुळती काठी अखंड बांबूतून मिळणे अवघड. मग अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील ईस्टन गावचे सॅम्युएल फिलिप यांनी १८४० च्या दशकात बांबू चिरून, त्याच्या कमच्या एकमेकींना चिकटवून काठी बनवायला सुरुवात केली. फिलिप बंदुका आणि व्हायोलिन बनवणारे कारागीर होते.

बळ सालीत

कमच्याच का, हे आपल्याकडचा बुरूड कारागीर लगेच सांगेल. टोपली विणताना जिथे ताण येतो तिथे सालीकडची कमची लागते; गाभ्याकडची ठिसूळ असते, पटकन तुटते. भिंगातून पाहिले तर कारण दिसते. बांबूच्या छेदात काळपट ठिपके असतात. तेच त्याचे बळकट तंतू. सालीजवळ ते इतके दाट असतात की निम्म्याहून अधिक जागा तंतूंचीच असते. आतल्या कडेला हे प्रमाण जेमतेम पाचव्या-सहाव्या हिश्श्यावर येते. बाकी सारा मऊ गर. बांबूने आपले उत्तम ‘लोखंड’ बाहेर ठेवले आहे आणि मध्यभागी तर काहीच ठेवलेले नाही.

त्यामागे साधा नियम आहे. काठी वाकते तेव्हा तिची एक बाजू ताणली जाते आणि दुसरी दाबली जाते. या दोहोंच्या मधे एक पातळी अशी असते की जी ना ताणली जाते ना दाबली जाते. तिला तटस्थ पातळी म्हणू. एखादा तंतू या पातळीपासून जितका दूर, तितका तो वाकण्याला जास्त विरोध करतो, आणि तोही अंतराच्या वर्गाच्या पटीत. शाळेतली लाकडी फूटपट्टी आडवी धरली तर सहज वाकते, उभी धरली तर हलत नाही. लाकूड तेवढेच, पण ते मध्यापासून दूर गेले.

चार, पाच की सहा?

काठी चार, पाच किंवा सहा कमच्यांची करता येते. प्रत्येक कमची त्रिकोणी तासायची, तिची सालीकडची बाजू बाहेर आणि टोक मध्यभागी. चार कमच्या जोडल्या की छेद चौकोनी, पाच जोडल्या की पंचकोनी आणि सहा जोडल्या की षटकोनी होतो. रंधा नेहमी आतून मारायचा. सालीला फक्त वरचा चकचकीत थर खरवडण्यापुरता धक्का लावायचा.

हे शहाणपणही ठेच लागून आले. सुरुवातीला काही कारागीर सहा कमच्यांची काठी तयार झाली की तिचे कोपरे घासून ती गोल करत. दिसायला ती छान दिसे, पण घासले जात होते ते सालीजवळचेच तंतू, म्हणजे काठीचा सर्वांत बळकट भाग. पुढे षटकोन तसाच ठेवायची पद्धत रूढ झाली. अमेरिकेतल्या मेन राज्यातले हायरम लेनर्ड यांनी १८७० च्या दशकात सहा कमच्यांच्या काठ्या यंत्रावर कापायला सुरुवात केली आणि षटकोन जगभर स्थिरावला.

तरी वाद संपला नाही. चौकोनाच्या बाजूने बोलणारे म्हणत की तेवढ्याच आकारमानात चौकोनाला बाहेरची कड जास्त मिळते, म्हणजे साल जास्त. हिशेब बरोबर आहे. समान क्षेत्रफळाच्या षटकोनापेक्षा चौकोनाची कड सुमारे सात टक्के जास्त भरते. पण बांबू गोल असतो. त्यातून काढलेली कमची जितकी रुंद, तितकी तिची पाठ फुगीर, आणि ती सपाट करताना पुन्हा सालच जाते. एका हाताने मिळालेले दुसऱ्या हाताने जाते.

पंचकोनाचे पुरस्कर्ते डिंकाच्या सांध्याकडे बोट दाखवत. जाड वही वाकवली की पाने एकमेकांवरून सरकतात. वाकणाऱ्या काठीतही असे सरकवणारे बल असते आणि ते तटस्थ पातळीवर सर्वाधिक असते. षटकोनी काठी सपाट बाजू वर धरून वाकवली तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जाणारा डिंकाचा सांधा नेमका त्याच पातळीवर येतो. पंचकोनात एकही सांधा आरपार जात नाही. प्रत्येक सांध्यासमोर मधोमध अखंड कमची उभी असते. जुने डिंक ओलाव्याने सुटत, तेव्हा या मुद्द्याला वजन होते. आधुनिक चिकटद्रव्यांनी ते बरेच कमी केले.

आता ताठपणाचा हिशेब करू. तेवढेच आकारमान आणि तोच पदार्थ घेतला, तर पंचकोनी काठी षटकोनीपेक्षा सुमारे एक टक्का ताठ ठरते आणि चौकोनी सुमारे चार टक्के. शिवाय यांतली कुठलीही काठी कुठल्याही बाजूने वाकवली तरी ताठपणा सारखाच येतो. चौकोनी काठी कोपऱ्याच्या दिशेने जास्त ताठ असेल असे वाटते, पण गणित तसे सांगत नाही.

याउलट, आकार तोच ठेवून जाडी फक्त एक दशांशाने वाढवली तर ताठपणा सुमारे ४६ टक्के वाढतो. कारण तो जाडीच्या चौथ्या घातात वाढतो. बाजू किती, यावर पिढ्यानपिढ्या वाद झाले. पण काठीचा स्वभाव ठरतो तो मुख्यतः कुठे किती जाडी ठेवली यावर. पेशाने अभियंता असलेले अमेरिकन कारागीर एव्हरेट गॅरिसन यांनी काठीच्या प्रत्येक टप्प्यावर किती ताण येईल याचे गणित मांडून जाडी ठरवली. त्यांची पद्धत सांगणारे पुस्तक त्यांच्या निधनानंतर १९७७ मध्ये आले. मग षटकोनच का टिकला? कारण तो करायला सोपा आहे. त्याच्या कमचीचे तिन्ही कोन साठ अंशांचे, त्यामुळे एकाच खाचेत ती उलटसुलट फिरवून तासता येते. समोरासमोरच्या बाजू सपाट असल्याने मोजता आणि बांधताही येते.

आतले काढले तर?

पुढची पायरी धाडसाची होती. मधला भाग एवढे कमी काम करत असेल, तर तो काढूनच टाकला तर? ज्या काठीत निम्म्या व्यासाची पोकळी आहे, तिचा एक चतुर्थांश माल कमी होतो, पण ताठपणा घटतो फक्त सोळावा भाग, म्हणजे सुमारे सहा टक्के. १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या कारागिरांनी हेच केले. सॅन फ्रान्सिस्कोच्या विन्स्टन कंपनीचे ल्यू स्टोनर यांनी कमच्यांना आतून लांब खोबण पाडली, कडेला डिंकापुरती जागा मात्र राखली. ई. सी. पॉवेल यांनी आतून कोरताना ठरावीक अंतरावर भरीव भाग सोडला.

हे भरीव भाग सोडावे लागले याचे कारण बांबूला आधीच ठाऊक आहे. पातळ भिंतीची नळी वाकवली की ती आधी चपटी होते आणि मग एकदम दुमडते. पपईच्या पानाचा पोकळ देठ वाकवून पाहिला तरी हे कळते. बांबूच्या दर कांड्यानंतर येणारी गाठ नळीला चपटे होऊ देत नाही. म्हणजे पोकळी फायद्याची खरी, पण एका मर्यादेपर्यंत. आणि तिला आतून टेकू हवा.

हाडाचा छेद

पोकळ बोरू आणि पोकळ हाडे वजनाच्या मानाने इतकी मजबूत का, हे गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात मांडले होते. मांडीच्या हाडाचा मधला दांडा आडवा कापला तर बाहेर घट्ट हाडाचे कडे आणि आत मज्जेची पोकळी दिसते. नडगीचा छेद तर चक्क तिकोनी असतो. तिची पुढची धार हाताला लागते. हाडाच्या दोन्ही टोकांना, जिथे भिंत पातळ होते, तिथे आत जाळीदार हाडाचे टेकू असतात. पॉवेल यांनी सोडलेल्या भरीव भागांचे आणि बांबूच्या गाठीचे काम इथे ही जाळी करते.

पण हाड काठीसारखे मृत नाही. ते आयुष्यभर आतून झिजते आणि बाहेरून भरते. समजा, हाडाच्या दांड्याचा बाहेरचा व्यास ३० मिलिमीटर आणि पोकळी १५ मिलिमीटर आहे. उतारवयात पोकळी वाढून १८ मिलिमीटर झाली, पण त्याच काळात बाहेरून फक्त एक मिलिमीटर भर पडून व्यास ३१ झाला. हाडाचा माल सहा टक्क्यांच्या आसपास कमी झाला, तरी गणिताने त्याचा ताठपणा सात-आठ टक्के वाढलेला दिसतो. बाहेरचा एक मिलिमीटर आतल्या तीन मिलिमीटरना भारी पडतो. वय वाढताना शरीर हीच युक्ती वापरते.

मात्र ही युक्ती सगळीकडे आणि सगळ्यांना पुरत नाही. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्ये आतली झीज इतक्या वेगाने होते की बाहेरची भर मागे पडते. जाळीचे टेकू एकदा तुटले की सहसा पुन्हा उभे राहत नाहीत. हाडाचा पदार्थही वयानुसार ठिसूळ होतो. लहान मुलाचे हाड ओल्या काठीसारखे एका बाजूने तडकून वाकते. म्हाताऱ्याचे वाळल्या काठीसारखे काडकन मोडते.

सर्वांत नाजूक जागा म्हणजे खुब्याजवळची मांडीच्या हाडाची मान. उभे राहताना आणि चालताना तिच्या खालच्या बाजूवर दाब येतो, म्हणून तिथली भिंत जाड राहते. वरच्या बाजूला रोजचे काम कमी, म्हणून तिथली भिंत वयाबरोबर पातळ होत जाते. पण माणूस कुशीवर पडतो तेव्हा बलाची दिशा उलटते आणि नेमक्या त्या पातळ भिंतीवर दाब येतो. चालण्यासाठी घडलेला छेद पडण्यासाठी घडलेला नसतो. आजीच्या अंगणात झाले ते हेच. आणि हा अपघात साधा नाही. जगभरचा अनुभव असा की खुब्याजवळ हाड मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण पाचातला एक जण वर्षभरात दगावतो. अंथरुणाला खिळण्यातून न्यूमोनिया, रक्ताच्या गाठी आणि जखमा होतात. म्हणून असे हाड मोडल्यावर पट्टे बांधून घरी ठेवणे धोक्याचे असते. लवकर शस्त्रक्रिया करून लवकर उभे करणे, हाच बहुतेकांसाठी खरा उपचार.

करायचे काय?

पहिली गोष्ट मुलांची. हाडाच्या बाहेरच्या कडेवर सर्वाधिक भर पडते ती वाढीच्या वयात, आणि ती पडते उड्या, धावणे, खो-खो, कबड्डी अशा आदळआपटीच्या खेळांनी. लहानपणापासून टेनिस खेळणाऱ्यांच्या खेळत्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड झालेले आढळते. दहावी-बारावीच्या नावाखाली मुलींचे खेळ बंद करणारे घर तिच्या साठीतल्या खुब्याची जाडी आजच कमी करत असते. ती पुढे विकत मिळत नाही.

दुसरी गोष्ट खाण्याची. प्रौढाला दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. दूध, दही, तीळ, नाचणी, पालेभाज्या यांतून ते मिळवायचे. सोबत उन्हात वावर आणि पुरेशी प्रथिने हवीत. विडी-सिगारेट आणि दारू हाडे पोखरतात. अंगदुखीवर डॉक्टरला न विचारता महिनोन्‌महिने घेतलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्याही तेच करतात.

तिसरी गोष्ट पडणे टाळण्याची. मोतीबिंदू वेळेवर काढून घ्यावा. न्हाणीघरातले शेवाळ घासावे, रात्री वाटेवर दिवा असावा, चप्पल गुळगुळीत झाली की बदलावी. साठीनंतरही रोज चालणे आणि खुर्चीवरून हात न टेकता उठण्यासारखे मांड्यांचे व्यायाम चालू ठेवावेत. किरकोळ धक्क्याने मनगट किंवा मणका मोडला असेल तर तो इशारा समजून हाडांची घनता तपासून घ्यावी; हाडांची झीज रोखणारी औषधे आहेत.

आणि चौथी गोष्ट काठीची. म्हातारपणाची खूण म्हणून अनेक जण ती हातात घ्यायला लाजतात. पण योग्य काठी तोल सांभाळते आणि दुखऱ्या खुब्यावरचा भार कमी करते. त्यासाठी ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. बहुतेक जण नेमके उलटे करतात. सरळ उभे राहून हात खाली सोडला की मनगटाच्या सुरकुतीपर्यंत येईल एवढी तिची उंची असावी. टोकाला रबरी बूट हवा आणि तो झिजला की बदलायला हवा. काठी विकतचीच हवी असे नाही. तीन-चार वर्षांच्या जून मानवेलाची, चीर न गेलेली आणि कीड न लागलेली काठी उत्तम. गाठी तासून गुळगुळीत कराव्यात, पण साल काढू नये. काठीचे सारे बळ तिथेच असते.

बेंबळ्याच्या काठावर गळ टाकून बसलेल्या नातवाच्या हातात एक मानवेल आहे. दुसरा मानवेल घरी आजीच्या हातात, ती पडण्याआधी, पोहोचायला हवा.